जावा आठ आणि जावा सतरा

"ए, थांब! जावा काढू नकोस!"

माझं बोट माऊसवरच थबकलं. घाटकोपरच्या त्या भाड्याच्या को-वर्किंग हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीतला मुलगा खुशाल माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावत होता. अनोळखी, आगाऊ... आणि हसला की गालावर खळी. ती मला दिसलीच नाही, असं मी ठरवून टाकलं.

"तुझं काय जातंय?" मी फणकारले.

"माझं काही नाही. पण अर्ध्या तासात तिसऱ्यांदा काढतेयस. बघवत नाही गं!"

आमच्या ऑफिसची रीतच ती. प्रोग्राम चालवायला लॅपटॉपवर जावा नावाचं सॉफ्टवेअर लागतं; आमचा जुना प्रोग्राम जावा आठवर चालायचा, नवा सतरावर. एक चालवायचा तर दुसरी जावा लॅपटॉपवरून काढून टाकायची. पण आज चार वाजता व्हिडिओ कॉलवर, ज्यांच्यासाठी हे प्रोग्राम होते त्या पतपेढीच्या लोकांना दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालताना बघायचे होते. जमलं नाही तर आमचे साहेब, नंदकुमार सर, माझं हे पहिलंवहिलं काम दुसऱ्या कुणाला तरी देणार होते. साडेतीन वाजले होते आणि मला फक्त रडू यायचं बाकी होतं.

"दोन्ही राहू देत ना," तो खुर्ची ओढत म्हणाला. "सेटिंगमध्ये 'जावा होम' असतं. त्यात जिचा पत्ता, ती चालणार. मी केयूर."

"गंधाली." नाव सांगायची मला काय घाई झाली होती, कोण जाणे!

काढलेली सतरा पुन्हा बसवून त्याने 'जावा होम'मध्ये तिचा पत्ता टाकला. कमांडच्या काळ्या खिडकीत मी व्हर्जन विचारलं. उत्तर आलं – आठ. पुन्हा विचारलं. पुन्हा आठ! केयूरचे कान लालबुंद झाले.

"सॉरी यार... मी तुझी वाट लावली."

मघाचा शहाणा एकदम एवढंसं तोंड करून बसला आणि मला तो भयंकर आवडला. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही खिडकी तर पत्ता बदलायच्या आधी उघडलेली! मी नवी खिडकी उघडली... सतरा! जुनीत अजून आठच.

"केयूर, खिडकी उघडताना जी सेटिंग असते, तीच ती धरून बसते! मग जुना प्रोग्राम हिच्यात, नवा तिच्यात... दोन्ही एकदम!"

"झकास!" तो इतक्या जोरात ओरडला की सगळा हॉल वळून बघायला लागला.

चार वाजता दोन्ही प्रोग्राम लोण्यासारखे चालले. पतपेढीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "हे काम आता शेवटपर्यंत तुझंच," सर म्हणाले. मी कॉल बंद केला आणि बाजूला पाहिलं. केयूरचा लॅपटॉप मिटलेला होता आणि तो दोन्ही हात जोडून बसला होता.

"हे काय रे?"

"देवाला सांगत होतो... तुझं काम होऊ दे म्हणून."

"का? मी तुझी कोण लागते?"

"अजून कोणीच नाही." तो अडखळला. "पण... लागशील?"

एरवी मी आठवडाभर विचार केला असता, चार मैत्रिणींना विचारलं असतं. पण आज मी जिंकले होते. भरल्या हॉलमध्ये मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "हो."