फिआराच्या गढीवरची हाक

इशबेल, तू शनिवारी फिआराच्या गढीवर जेवायला चाललीस म्हणे? जा की! मी कुठं नको म्हणतोय? गढी बघण्यासारखी केलीय, त्यात वाद नाही. माझ्या लहानपणी तिला छप्पर नव्हतं, मेंढरं जिना चढून वर जायची. आता गालिचे काय, रंगीत काचा काय! कॅनडाहून, ऑस्ट्रेलियाहून आपल्या कुळाचे लोक तिकीट काढून जेवायला येतात आणि भिंतीला हात लावून रडतात. रडू देत बापडे. पण पूर्वी जेवणाआधी दारातून हाक द्यायचे, ती आता देत नाहीत. का देत नाहीत, ते ऐकून मग जा. तो दिवा जरा बारीक कर. आणि डूगी, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

ही वाऱ्यावरची गोष्ट नाही. माझी धाकटी बहीण पेगी, तिच्या नवऱ्याची आहे. रुअरीची. पोस्टाची गाडी चालवतो तोच. माणूस थोडा बढाईखोर, पण कुणाचं वाईट चिंतणार नाही.

दोन वर्षांमागची तीस नोव्हेंबर. सेंट अँड्र्यूचा, आपल्या देशाच्या संताचा दिवस, शनिवार. चारलाच काळोख पडलेला, वरनं बर्फाळ पाऊस. रुअरी गाडीत पीटची, दलदलीतून खणून वाळवलेल्या जळाऊ मातीची, पोती भरत होता, गढीवर पोचवायला. तिथं भिंतीभिंतीतून गरम पाण्याचे नळ फिरवलेत, पण पाहुण्यांना शेकोटीत खरं पीट जळताना हवं होतं. वासासाठी!

पेगी म्हणाली, "तुझा बाप पीट खणून खणून कमरेत वाकला, आणि हे वास घ्यायला जाळणार."

"जळू दे गं. आज मला टोचून बोलू नकोस. आज मी दारवान आहे."

"दारवान! आरशात बघ एकदा. त्या किल्टच्या चौकड्याच्या घागऱ्यातून गुडघे बघ कसे दिसतात ते."

पण ती नुसती चेष्टा नव्हती, तिलाही अभिमान वाटत होता. कारण रुअरीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्या गढीचं दारवान. सरदार जेवायला बसायच्या आधी दारवानानं उंबऱ्यावर उभं राहून अंधारात तीनदा हाक द्यायची. वाटेवर कोण आहे? उपाशी कोण आहे? या, दार उघडं आहे. आणि हाकेला जो येईल त्याला आत घ्यायचं. चोर असो, वैरी असो. जेवण होईपर्यंत त्याचं नाव विचारायचं नाही. नाव विचारलं की कुळ कळतं, कुळ कळलं की वैर आठवतं आणि मग घास घशाखाली उतरत नाही. म्हणून विचारायचंच नाही.

"आणि विचारलं तर?" डूगीनं मध्येच तोंड घातलं.

तर काय... विचारलं होतं ना एकदा! दोनशे वर्षांमागं, मेंढरं चारायला सरदारानं माणसं हाकलून खोरं रिकामं केलं, त्या हिवाळ्यात. सरदाराच्या माणसांनी वरची वाडी पेटवून दिली, बायका-पोरांसकट सगळी माणसं बर्फात. सरदार दारवानाला म्हणाला, हाक दे, रीत मोडायला नको. पण येईल त्याचं नाव विचार. वरच्या वाडीचं कुणी असलं तर दार लाव. दारवानानं नावं विचारली. दार लावलं. सकाळी गढीच्या पायऱ्यांवर काय होतं, ते आमच्याकडं कुणी सांगत नाही. त्यानंतर हाक बंद झाली, आणि रुअरीच्या घराण्याला नाव पडलं. नाव विचारणाऱ्यांची अवलाद. शाळेत त्यानं यावरून किती जणांची नाकं फोडली असतील! म्हणून गढीवाल्यांनी जेव्हा विचारलं, जुनी हाक देशील का, तेव्हा तो ढसाढसा रडला. त्याला वाटलं, डाग धुवायची वेळ आली.

तर पीट पेटलं. पाहुणे बसले. जेवणाची सगळी व्यवस्था हॅरिएट मॅडमकडं, एडिंबराहून आलेल्या. कडक बाई. सात वाजता त्यांनी खूण केली आणि रुअरीनं दाराचे दोन्ही पल्ले उघडले. मागं सगळे फोन वर करून उभे. त्यानं छाती भरून घेतली आणि जुन्या गेलिक भाषेत हाक दिली. वाटेवर कोण आहे? उपाशी कोण आहे? या!

काय आवाज लागला होता म्हणे! समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. एकदा. दोनदा. तीनदा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा तर हुंदके द्यायला लागला.

रुअरी दार लावायला वळला. आणि पायऱ्यांखाली कुणीतरी उभं होतं.

बाई होती. डोक्यावरनं शाल घेतलेली. वय कळत नव्हतं. दिव्याच्या उजेडाच्या जरा पलीकडं थांबलेली. पाऊस पडत होता, पण शाल भिजलेली वाटत नव्हती. जळक्या गवताचा वास आला. त्याला वाटलं, आपलंच पीट. मग त्याच्या लक्षात आलं... पीट असं जळत नाही. छप्पर जळतं असं.

बाईच्या मागं अंधार होता. त्या अंधारात... माणसं होती. हलत नव्हती. पण होती.

"कोण आहे रे?" हॅरिएट मॅडमनी मागून विचारलं.

"जेवायला आलेत," रुअरी म्हणाला. आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आता? सगळ्या खुर्च्या भरल्यात. नाव विचार. तिकीट काढलंय का बघ. आणि लवकर, सूप निवतंय."

रुअरी मला म्हणाला, दादा, एक क्षण होता. मी बाजूला सरकू शकलो असतो. नुसतं बाजूला व्हायचं होतं. पण मागं एवढी मोठमोठी माणसं, अंगावर भाड्याचा पोशाख, मॅडमची नजर पाठीत... आणि तो म्हणाला...

"नाव काय आपलं?"

शब्द तोंडातून सुटला.

बाईनं ऐकलं. तिनं मान खाली घातली. जणू तिलाच लाज वाटली. त्याच्या वतीनं. मग मागं वळली. अंधाराकडं बघून हळूच म्हणाली...

"हाही त्यांच्यातलाच आहे."

बस. एवढंच.

आणि रुअरीनं दार ओढलं. हळूच ओढलं म्हणतो. हळूच ओढलं म्हणून काय झालं? ओढलं ते ओढलंच!

बाहेरनं कुणी दार वाजवलं नाही. शिव्या नाहीत, रडणं नाही. काही नाही. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. आत चमचे वाजत होते. त्याला ते सहन होईना. त्यानं टेबलावरची पावाची अख्खी टोपली उचलली, दार उघडलं आणि धावला.

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. रस्त्यावर नव्हतं. तो वरच्या वाडीच्या वाटेनं पळत सुटला, किल्टमध्ये, पावसात, ओरडत. "या हो! चुकलो मी! नाव नका सांगू, नकोय मला नाव! नुसतं या!" वाडीच्या पडक्या भिंतींपर्यंत गेला. प्रत्येक घराच्या जागी उभा राहिला. दार नव्हतंच कुठं, तरी वाकून आत बघितलं. पाव भिजून लगदा झाला.

आणि खाली गढीच्या खिडक्यांत पाहुणे उभे होते. टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग!

परत आल्यावर हॅरिएट मॅडम म्हणाल्या, "कमाल केलीस, पुढच्या वर्षीही असंच कर." त्यानं पोशाख तिथंच काढून ठेवला आणि थेट माझ्याकडं आला. माझ्या ओट्याशी बसून लहान पोरासारखा रडला. "दादा, भूत म्हणून घाबरलो असतो तर बरं होतं रे. भीती उतरते. मला भीती वाटलीच नाही. मला लाज वाटली. ती कशानं उतरते?"

गढीवाल्यांनी दुसरा दारवान शोधला. आपल्या गावातला एकही तयार झाला नाही. तेव्हापासून हाक बंद.

"म्हणजे रुअरीकाकाला भास झाला," इशबेल म्हणाली. पण हळू म्हणाली.

असेल बाई. मीही पेगीला तेच म्हणालो होतो. ती मला म्हणाली, "तू एकदा जेवायला ये, दादा. बोलू नकोस, नुसता बघ."

गेलो. मागच्या महिन्यात. बाहेर वारा पडलेला, खिडक्या बंद, दार बंद. पेगीनं तिघांना गरम गरम वाढलं. माझ्या ताटातली वाफ सरळ वर गेली. पेगीच्या ताटातली वर गेली.

रुअरी ताटाकडं बघत नव्हता. मान खाली घालून बसला होता. हात मांडीवर.

त्याच्या ताटातली वाफ वर गेली नाही. आडवी झाली... टेबलावरनं सरकत सरकत... दाराकडं गेली. आणि दाराखालच्या फटीतनं, हळूहळू, सगळी बाहेर गेली.

मग त्यानं घास घेतला. गार.