जगते की जगली

ऑगस्टअखेरीला लॅटिनची फेरपरीक्षा होती. तीत नापास झाली, तर लुदोविकाला धाकट्या बहिणीच्या वर्गात बसावं लागणार होतं. त्यापेक्षा शाळा सोडलेली बरी, असं तिचं स्पष्ट मत होतं. म्हणून सगळं स्पोलेतो गाव समुद्रावर गेलेलं असताना ती रोज सकाळी निवृत्त शिक्षिका त्रांक्विल्लीबाईंकडे कलिंगड खात भाषांतरं करत बसे.

बाईंचे सरावाचे कागद गावात प्रसिद्ध होते. संग्रहालयातल्या थडग्यांवरचे लेख त्यांनी तीस वर्षं स्वतःच्या हाताने उतरवले होते. त्यातल्या एका ओळीवर गाडं अडलं.

"'ओसिया फेलिकुला जगते आहे'?" बाई म्हणाल्या. "अगं, थडग्याखाली?"

"बाई, 'विवित' लिहिलंय. वर्तमानकाळ."

"'विक्सित' आहे ते. जगली. रोमन लोक मेली म्हणत नाहीत, जगली म्हणतात. डोळे कुठे ठेवलेस?"

लुदोविकाने कागद नाकाशी नेला. शब्दातल्या तिसऱ्या रोमन अक्षराच्या दोन तिरक्या रेघा खाली टोकाशी मिळत होत्या. सरळसरळ व्ही. बाईंना मात्र तिथे एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसत होत्या, एक्स.

"अक्षर तुमचंच आहे ना?"

"म्हणून तर सांगतेय, शहाणे!"

दुसऱ्या दिवशी वाद मिटवायला दोघी संग्रहालयात गेल्या. दगड खिडकीखाली होता, हातभर उंचीचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. बाईंनी अक्षरावरून बोट फिरवलं. "हा बघ एक्स."

लुदोविकानेही फिरवलं. रेघा टोकाशी मिळाल्या. त्याखाली दगड गुळगुळीत.

पहारेकरी नाझ्झारेनोनेही हात लावून पाहिला. "एक्सच आहे पोरी. उन्हाने फिरलंय तुझं डोकं."

एका गोष्टीवर तिघांचं एकमत झालं. 'वर्षं' या शब्दापुढे आकडा नव्हता, जागा कोरीच होती. "कोरायचा राहिला असेल," बाई म्हणाल्या.

लुदोविका पार गोंधळली. घाबरावं, की चष्मा करावा? "परीक्षेत हेच आलं तर काय लिहू?"

"बरोबर असेल ते. जगली."

नेमकं तेच आलं. छापील कागदावरही तिला स्वच्छ व्ही दिसला. तिने 'जगते आहे' लिहिलं. मग धाकटीचं दात काढणारं तोंड आठवलं. लिहिलेलं खोडलं.

'जगली.'

ती पास झाली. बाईंनी दोन्ही गालांचे मुके घेतले. आनंद झाला, पण मनाला काहीतरी टोचत राहिलं, म्हणून ती एकटीच संग्रहालयात गेली.

तिसऱ्या अक्षराच्या रेघा एकमेकींना छेदत होत्या.

तिने बोट फिरवलं. बोटाला दगडाचा पांढरा, ताजा चुरा लागला.

"दिसला ना एक्स?" मागून नाझ्झारेनो हसला.

"काका, पुढचा हा आकडा कधीपासून आहे?"

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून आहे की."

ती वाकून आकड्यातली रोमन अक्षरं मोजू लागली. एक हजार. पाचशे. तीनदा शंभर. पन्नास. दहा. एक.

ओसिया फेलिकुला एक हजार आठशे एकसष्ट वर्षं जगली होती.