बावीस पावलांवरचा बुलबुल

काचेच्या कपाटातल्या सगळ्यात लांब लेन्सच्या कॅमेऱ्यावर तिने बोट ठेवलं, तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात दुरुस्ती करत बसलेल्या तरुणाने मान वर करून विचारलं, "फोटो कशाचे काढायचेत?"

परसातल्या पक्ष्यांचे, ती म्हणाली. आणि का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला तिने सगळं सांगून टाकलं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता, वाचा गेली होती. दिवसभर ते मागच्या खिडकीशी पडून असत. पक्षी दिसला की बोट दाखवत… आणि ती हात पुसत येईपर्यंत तो उडून जाई. फोटो असला तर निदान विचारता येईल – हाच ना, बाबा?

पक्षी बसतात ते झाड खिडकीपासून किती लांब आहे, ते त्याने विचारलं. तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ती मोजून आली. बावीस पावलं.

"तुमची की माझी?"

ती हसली. किती महिन्यांनी, ते तिलाही आठवेना.

महागडा कॅमेरा त्याने तिला घेऊच दिला नाही. एवढ्या अंतराला लांब झूमचा, वापरलेला, हलका कॅमेरा पुरे. जड लेन्स हातात नुसती थरथरेल, म्हणाला. दुकान त्याच्या मामांचं. त्यांनी कपाळावर हात मारला.

पहिले सगळे फोटो हललेले निघाले. ती कुरकुरत दुकानात गेली, तर रविवारी तो घरीच आला. कॅमेरा उशीवर कसा टेकवायचा, श्वास सोडून मग बटण कसं दाबायचं, ते दाखवताना त्याचं बोट तिच्या बोटावर टेकलं… दोघांनीही ते कळलं नाही असं दाखवलं. या वेळी फोटो स्पष्ट आला. बाबांनी तो बराच वेळ निरखला. ओठ हलले. "बुल… बुल."

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. तो बाबांपाशी बसून राहिला.

मग तो रविवारी येतच राहिला. बाबांकडे आता आठ-दहा शब्द जमले होते. अशाच एका रविवारी त्याने सांगितलं, की दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीत त्याला नोकरी मिळतेय. छान झालं, म्हणत ती लेन्स पुसत राहिली. स्वच्छच होती ती.

बाबांनी पलंगाच्या कडेवर बोट आपटलं. तिच्याकडे बघत, सगळा जीव गोळा करून म्हणाले, "बोल… तू."

तिचा चेहरा लाल झाला. "नका जाऊ," ती कशीबशी म्हणाली.

त्याने खिशातून चुरगळलेलं पाकीट काढलं. "कंपनीला द्यायचं होकाराचं पत्र आहे. चार दिवस टपालपेटीपर्यंत जातो नि परत येतो. तुम्ही एकदा म्हणाल, म्हणून…"

तिने पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं, हात मात्र तसाच राहू दिला. आणि बाबांनी, जणू एखादा पक्षी आलाय, अशी मान खिडकीकडे वळवली. झाडावर तेव्हा कुणीच नव्हतं.