न तडकलेली मूस

पोचपावतीवर कारखान्याचा शिक्का होता आणि शिक्क्यावर कोंबडीचे पाय उमटावेत तशी, कोणालाच ओळखता न आलेली सही.

"नोटीस इथे पोचली होती," कारखाना विकायला कोर्टानं नेमलेल्या अवसायक बाई म्हणाल्या. "सुनावणीला तुमच्याकडून कोणी आलं नाही. म्हणून कोर्टानं कारखाना विकून घेणेकऱ्याचे पैसे भागवायचा हुकूम दिला. उद्या लिलाव."

"शप्पथ सांगतो, मी ती नोटीस पाहिलीच नाही," काचकारखान्याचे मालक कुबडीवर रेलून म्हणाले. पाय मोडून तीन महिने ते घरीच पडून होते. "वाळूवाल्याचं देणं मी बुडवणार नव्हतो. मुदत मागितली असती."

नोटीस कोणी दडवली हे आज कळलं, तरच बाई लिलाव थांबवायला कोर्टाला सांगू शकणार होत्या. नाहीतर तीस वर्षांचा कारखाना एक वार, दोन वार, तीन वार म्हणेपर्यंत जाणार होता.

बाई जात्याच संशयी. घरी येणाऱ्या दूधवाल्याचीही त्या उलटतपासणी घेत.

"शिक्का कुठे असतो?"

"हिच्या खणात." मालकांनी मुलीकडे बोट केलं. हुकूम दाराला चिकटल्यापासून पंधरा दिवस त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. टपाल तीच बघायची.

"मी बाबांचं करायला घरी होते, मॅडम," मुलगी म्हणाली. "खणाला कुलूप नसतं."

"मग इथे कोण होतं?"

"काका. आणि कारागीर. पण हुकमाच्या आधी दहा दिवस कारागिरांना सुट्टी होती."

काका म्हणजे मालकांचा धाकटा भाऊ. भट्टी त्याच्या हाती. तो कसंनुसं हसला. "मला टपालातलं काय कळतंय? मी आगीचा माणूस."

"भट्टी कधी विझवलीत?"

"हुकूम चिकटवला, त्याच संध्याकाळी. त्याआधी आम्हाला काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही येऊन भट्टीला सील लावलंत." त्यानं डोळे पुसले. "दादाच्या घरची चूल विझवल्यासारखं वाटलं हो."

बाईंनी सील तोडलं आणि त्या भट्टीच्या तोंडाशी वाकल्या. आत मूस होती, काच वितळवायचं कमरेएवढं मातीचं भांडं. रिकामं, धडधाकट. बॅटरीच्या उजेडात कुठे केसाएवढीही चीर दिसेना.

"ही जुनी आहे?"

"नवी आहे," मुलगी म्हणाली. "गेल्या वर्षी गॅस बंद पडला, तेव्हा आधीची एका रात्रीत गार पडून उभी चिरली. काका दोन दिवस जेवले नव्हते."

बाईंनी गॅस कंपनीला फोन केला. मीटरचे रोजचे आकडे लिहून घेतले आणि मग सगळ्यांना बसायला सांगितलं.

"एका रात्रीत विझवलेली मूस तडकते. ही तडकलेली नाही. म्हणजे आधी काच उपसली आणि आच रोज थोडी थोडी उतरवली. मीटर तेच सांगतोय. गॅस हुकमाच्या नऊ दिवस आधीपासून कमी होत गेला आणि आदल्या दिवशी शून्यावर आला. कारखाना बंद होणार हे इथल्या एकाला आधीच ठाऊक होतं. त्यानं बघायला कोणी नको म्हणून कारागिरांना सुट्टी दिली. ज्याला सुनावणी ठाऊक, त्याच्याच हाती नोटीस पडली. आणि भट्टीला हात लावणारा इथे एकच."

मालक कुबडी टेकत भावाकडे वळले.

"का रे?" त्यांनी विचारलं.

"वाळूवाला म्हणाला, लिलावात मीच घेतो, पाटी तुझ्या नावाची लावू." काका भट्टीकडे बघत म्हणाला. "तीस वर्षं भाजून निघालो मी, दादा. नाव तुझंच."

"भावाचं घर मोडताना हात कचरला नाही," बाई म्हणाल्या, "मूस मोडायला मात्र जीव धजला नाही. तडकू दिली असतीत, तर मी काहीच सिद्ध करू शकले नसते."

त्यांनी जबाब लिहून घेतला. काकानं सही केली. पुन्हा कोंबडीचे पाय. उद्याचा लिलाव आता होणार नव्हता.

मालकांनी लेकीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. "पोरी, वाचलो गं आपण."

ती एक पाऊल मागे सरली.

"काकांना पाटीचा लोभ होता, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मला एकदा विचारलंसुद्धा नाहीत."