बाजूला सारलेला तुकडा

गिरणीच्या पायरीवर शुवाईचा पाय घसरला, आणि डोक्यावरचं मक्याचं पोतं एका तरुणानं अलगद झेललं. त्याच्या पापण्या पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या.

"देव भलं करो, आजोबा," ती हसली.

"आजोबा? मग नातवंडांसाठी… आधी लग्न बघायला हवं!"

"देवक कुठलं?" तिनं पटकन विचारलं.

"सिंह."

शुवाईचं देवक हृदय. देवकं वेगळी, म्हणजे लग्नाला हरकत नव्हती… तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले.

गिरणीवर भेटलेल्या, सायकली दुरुस्त करणाऱ्या गारिकाईबद्दल तिनं तीन आठवड्यांनी त्सित्सीआत्याला सांगितलं. लग्नाची गोष्ट आत्याच्या कानावरून गेल्याशिवाय वडिलांपर्यंत जात नाही. आत्यानं दोघांना बाजारातल्या खाणावळीत नेलं. आपल्याला आणि भाचीला पालेभाजी, त्याला मात्र बकऱ्याचा रस्सा मागवला, हृदयासकट.

गारिकाईनं हृदयाचा तुकडा हळूच ताटाच्या कडेला सारला.

आत्यानं शुवाईला दाराबाहेर ओढलं. "हा कसला सिंह! सिंहवाले हृदय मिटक्या मारत खातात. आपलं देवक कुणी खात नाही, म्हणजे हा आपल्याच देवकाचा. भाऊ लागतो तुझा, भाऊ!"

त्या दिवशी 'सिंह' किती चटकन म्हणाला होता… आधीच चौकशी करून आला होता की काय?

ती आत गेली. "तो तुकडा का नाही खाल्लास? खरं सांग."

गारिकाई कानापर्यंत लाल झाला. "माझं देवक सिंहच आहे. पण तुझं हृदय आहे ना… तू भेटल्यापासून मला ते खाववत नाही."

"आत्या, ऐकलंत—"

"गोड बोलणारे पुष्कळ पाहिलेत. कुळाची बिरुदं म्हण!"

त्यानं पणजोबांपर्यंत न अडखळता म्हटली.

"पोपटही पाठ करतो," आत्या म्हणाली. "उद्या तुझ्या आत्यालाच गाठते."

"जरूर जा, आत्या."

"अजून आत्या म्हणायचं नाही!"

दुसरा दिवस शुवाईनं उपाशीच काढला. दुपारी आत्या दोन टेकड्या ओलांडून, धापा टाकत, थेट गारिकाईच्या दुकानाशी आली. शुवाई तिथंच उभी होती, त्याच्यापासून चार हात दूर.

"सिंहच आहे मेला," आत्या मटकन बसली. "शुवाई, अंगावरची एखादी वस्तू दे त्याला. तुझ्या शब्दाची खूण. मी साक्षीला आहे."

शुवाईनं डोक्याच्या रुमालाला हात घातला. गाठ सुटेना.

"सावकाश," गारिकाई हळूच म्हणाला. "मला घाई नाही."

"मला आहे," शुवाई म्हणाली.