यजमान पुन्हा बसले

"एक बादली मिळेल का हो, दादा?"

समाधानने मान वर केली. रंगखोलीच्या दारात एक बाई उभी होती. तिशीची असेल नसेल. अंगावर संगणक विभागाचा कोट, डोळ्यांखाली काळं, आणि ओंजळीत… पाणी.

"छत गळतंय का?"

"छत नाही, एसी. मशिनीच्या डोक्यावर थेंब पडतोय. दहा मिनिटं खाली हात धरून उभी राहिले. मग म्हटलं, हात तरी किती वेळ धरायचा…"

त्याने हाताला लागली ती बादली दिली. तिच्या कडेला मोरपंखी रंग सुकलेला होता, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. ओल्या हातांनी धरल्याबरोबर बाईचे दोन्ही तळवे मोरपंखी झाले.

"हा जाईल ना?"

"जाईल. आठ दिवसांनी."

"आणि तोवर?"

"तोवर…" समाधानने पुसायला फडकं शोधलं. "तोवर लोक विचारतील."

"विचारू देत. एरवी कोण काय विचारतंय मला?" ती हसली. दमलेल्या माणसाचं हसू. ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच माघारी गेलं.

दमणगंगेकाठच्या राखोलीतल्या त्या सूत कारखान्यात समाधान नऊ वर्षं रंग जुळवत होता. शिरपूरहून आला तेव्हा दोन वर्षांत परतायचं ठरवून आला होता. माणूस अबोल. डबा गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागदही वाचून मगच टाकणारा. बोलायचं वाक्य आधी मनात तीनदा म्हणून बघायची त्याला सवय. आणि तिसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

ती मात्र निघून गेली नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता बादली परत द्यायला आली, तेव्हा त्याच्या टेबलावर चहा होता. तिसऱ्या दिवशी चहाचे दोन कप होते. पल्लवी तिचं नाव. मूळची नाशिकची, पुण्याच्या कंपनीने तीन महिन्यांसाठी इकडे पाठवलेली. खिडकीबाहेर भादव्यातला कंटाळलेला पाऊस पडत राहायचा, धरणातून सोडलेलं पाणी दमणगंगेतून घोंघावत जायचं, आणि दोघं कपावर हात शेकत उभी राहायची.

"तुमचं काम तरी नक्की काय?" एकदा त्याने विचारलं.

"आपल्या कारखान्याचे तीन मोठे व्यापारी आहेत ना? तिघांच्या रंगांच्या रेसिप्या गुप्त. एकाच्या दुसऱ्याला कळता कामा नयेत, रंगखोलीबाहेर कारखान्यातही कोणाला नाही. म्हणून एका मोठ्या मशिनीच्या आत तीन मशिनी केल्यात."

"एकीत तीन? मावतात?"

"मावतात. त्या लोखंडाच्या नसतात, नुसत्या प्रोग्रॅमच्या. एका घरात तीन पाहुण्या उतराव्यात तशा. जागा घरची, पण प्रत्येकीच्या ट्रंकेला तिचं स्वतःचं कुलूप. घरच्यांनीसुद्धा आत डोकवायचं नाही."

"मग अडतं कुठे?"

"जागा संपते. संध्याकाळी पाळी बदलली की सगळं ठप्प. कोणाच्या ट्रंकेत काय भरलंय ते उघडून बघावं, तर तेच बघायचं नाही. न बघता शोधायचंय मला, दादा."

"दादा नका म्हणू," तो म्हणाला. हे वाक्य गेले चार दिवस मनात तयार होतं. "समाधान नाव आहे माझं."

"वा!" पल्लवीने कप खाली ठेवला. "हल्ली मला ते कुठे मिळतच नाही."

त्या दिवशी समाधानने गुलाबी रंगाच्या तीन बॅचा बिघडवल्या.

असे तीन आठवडे गेले. मग एका सोमवारी तो कॅन्टीनमध्ये कोंडाबाईसोबत डबा खात होता. कोंडाबाई रंगखोलीतली भांडी धुणारी. त्याच्याच मुलखातली, त्याला भाऊ म्हणणारी. पलीकडच्या खांबाआड पल्लवी पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. ऐकायचं नव्हतं, पण शब्द कानावर आले.

"अमोल, यजमान आज पुन्हा बसले… सकाळपासून एक शब्द नाही… उठवलं ना, दोनदा उठवलं. तासभर बरे असतात, की परत तेच… छे, आतलं काही त्यांना दिसू देत नाहीये, तेवढं कसोशीने पाळतेय… बदलून मिळत असते तर कधीच बदलले असते रे. थकले मी."

कोंडाबाईचा घास हातातच राहिला. "ऐकं का भाऊ? तिना नवरा दारू पेत व्हई."

"पण… गळ्यात तर काही नसतं तिच्या."

"गळामा कसं ऱ्हाई? मशिनीमा अडकस म्हनीसन गेटवरच काढाले लावतस ना! मनंबी डबामा शे." आणि तिने पिशवीतला छोटा डबा हलवून दाखवला. आत मंगळसूत्र खुळखुळलं.

समाधानने डब्याचं झाकण लावलं. भाजी तशीच राहिली.

त्याच दुपारी भावेशभाईंनी, म्हणजे मॅनेजरनी, त्याला बोलावलं. "समाधान, पानिपतला आपला नवीन युनिट सुरू होतोय. रंगखोलीचा हेड तू. शनिवारच्या आत हा के ना, बोली दे."

"मराठी माणसाला पानिपतला पाठवताय, भावेशभाई?"

"केम? शुं थयुं त्यां?" तिथे काय झालं होतं, ते भावेशभाईंना खरोखरच ठाऊक नव्हतं.

समाधानला हसू आलं नाही. आठ दिवसांपूर्वी तो तिथल्या तिथे नाही म्हणाला असता. आता 'नाही' म्हणायला कारण काय उरलं होतं? शेजारच्या खोलीत एक थकलेली बाई होती. ती कुणाची तरी होती आणि सुखात नव्हती. तिच्या दुःखाकडे रोज चार वाजता कप घेऊन बघत राहणं त्याला बरं दिसेना. चहा मात्र बंद करवेना. तो कप खिडकीत ठेवायचा आणि ती येण्याआधी आतल्या भट्टीकडे निघून जायचा.

गुरुवारी ती कप घेऊन थेट भट्टीपाशीच आली.

"चहा ठेवून पळता काय? मी चावते का?"

"काम असतं… जरा." खाली मान घालून त्याने हातातला कागद टराटरा फाडला.

"माझ्यावरचा राग का कागदावर?"

"राग कसला? कच्ची चिठ्ठी ही. रंग जुळला की रेसिपी पक्क्या वहीत उतरवायची आणि कच्ची लगेच फाडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. नाहीतर कच्ची खिळ्याला लटकते, पक्की वहीत असते. एका रंगाचे दोन कागद. बघता बघता भिंत भरते."

पल्लवी कप ओठांशी नेता नेता थांबली. "पक्की झाली… की कच्ची फाडायची," ती पुटपुटली. कप तसाच ड्रमवर ठेवून ती झपाझप निघून गेली.

आपण काहीतरी चुकीचं बोललो, असंच समाधानला वाटलं. शुक्रवारी ती चहाला आलीच नाही. चहावर साय धरली. साडेपाचला तो भावेशभाईंच्या केबिनमध्ये गेला आणि हो म्हणून आला. पत्र सोमवारी निघेल, असं ठरलं.

शनिवारी सकाळी रंगखोलीचं दार धाडकन उघडलं.

"समाधान! यजमान उठले! काल दुपारपासून एकदाही बसले नाहीत!"

त्याने मनातलं वाक्य गोळा केलं. "बरं झालं, मॅडम. घरी शांतता असली की माणसाचं कामात…"

"घरी?"

"म्हणजे… तुमचे यजमान. दारू सुटणं सोपं नसतं."

भट्टीतली वाफ फुसफुसत राहिली.

"कोणाची दारू?" पल्लवीने विचारलं.

आणि मग तिला कळलं. ती रंगाच्या रिकाम्या ड्रमवर बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलू लागले. समाधान घाबरून पाणी आणायला निघाला, तेव्हा कुठे त्याला दिसलं की ती हसतेय.

"अहो, यजमान म्हणजे ती मोठी मशीन! आतल्या त्या पाहुण्या, मग बाहेरची ती यजमान. पुण्याला आम्ही सगळे असंच बोलतो. जुनी मशीन म्हणून आपलं मानाने, बसले-उठले. त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे, हे… विसरलेच मी!"

"मग अमोल…?"

"सहकारी. त्याचं तरी लग्न झालंय." तिने डोळे पुसले. "आणि उठवलं कोणी, माहितेय? तुम्ही. पाहुणीने मशिनीच्या मेमरीतलं एखादं पान खासगी करून घेतलं, तरी त्याची आधीची उघडी प्रत यजमानाकडे तशीच पडून राहायची. ती कोणी फाडतच नव्हतं. एकेक पान दोन-दोनदा. म्हणून जागा संपायची. एकही कुलूप न उघडता सापडलं… तुमच्या खिळ्यावर."

समाधानने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

"म्हणजे," पल्लवी हळूच म्हणाली, "इतके दिवस तुम्ही मला कुणाची तरी बायको समजत होतात?"

"सोमवारपासून."

"आणि तरी चहा ठेवत होतात?"

"चहाच होता, मॅडम…"

"नुसता चहा?"

या वेळी मनात म्हणून बघायला वेळच मिळाला नाही. "नाही," तो म्हणाला.

बाहेर पाऊस पडत होता की थांबला होता, कोणास ठाऊक. ती बोटाने ड्रमच्या कडेवरचा रंग खरवडत राहिली.

"मग विचारलं का नाहीत मला?"

"वाटलं… खासगी असेल."

"मशिनीचं ठीक आहे हो. माणसाला विचारायचं असतं."

"पल्लवी," त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं, "काल मी पानिपतला हो म्हणालो. सोमवारी पत्र निघेल."

तिचं बोट थांबलं. चेहऱ्यावर पुन्हा तोच थकवा उतरला. आता तर तो जास्तच खोल वाटला.

"थांबा, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "कुणाला उठवायचं, बसवायचं, समजवायचं… महिनाभर तेच केलंय मी. आता माझ्यात बळ नाही. मला कंपनीवाले इथे वर्षभर राहता का म्हणून विचारतायत. मीही अजून उत्तर दिलेलं नाही." ती उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथे वळून म्हणाली, "उद्या सुट्टी आहे. धरणाच्या काठी, दुधनीला येता? मला काही बोलायचं नाहीये. नुसतं पाण्याकडे बघत बसायचंय."

रविवारी दुधनीच्या काठावर आभाळ राखाडी होतं आणि पाणीही. चिंधा नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याने दोघांना नावेत घेतलं. पल्लवी खरंच काही बोलली नाही. डोंगर मागे सरकत राहिले, वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज येत राहिला. अर्धं पाणी कापल्यावर तिचं डोकं हळूहळू कलत समाधानच्या खांद्यावर टेकलं. तिचे डोळे मिटले होते. समाधानने श्वाससुद्धा जपून घेतला.

मग उजवा खांदा हलू न देता, डाव्या हाताने त्याने कसाबसा खिशातला फोन काढला.

"भावेशभाई…" तो कुजबुजला. "ते पानिपतचं… पत्र पाठवू नका… मला नाही…"

"शुं? संभळातुं नथी, भाई!"

"मला… नाही…"

"जोरात सांगा ना," खांद्यावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. "ऐकू येत नाहीये त्यांना."

"मला नाही जायचं!" समाधान ओरडला. पलीकडच्या डोंगरावरून तेच शब्द परत आले.

चिंधाने दचकून वल्हं पाण्याबाहेर काढलं. "नाही जायचं? मग वळवू का माघारी?"

"नको हो, बाबा," पल्लवी डोळे न उघडताच म्हणाली, "जाऊ द्या अजून थोडं."