‘वेर’ या शब्दाचा अर्थ

बोधसेतू प्रयोगशाळेत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळासारखंच आहे तुमचं, असं डॉ. कुमुदिनी रणपिसे दर वेळी म्हणत आणि दर वेळी अर्शद मुजावर सांगे की हे देवासाठी नाही, धुळीसाठी आहे.  आज त्यांनी नुसत्या चपला काढल्या आणि त्या खुर्चीत बसल्या.

वारणेकाठी नव्यानं वसवलेल्या ज्ञाननगरीच्या विद्यापीठात मध्ययुगीन इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. दुपारी विद्यापरिषदेपुढे त्यांचा विभाग बंद करण्याचा ठराव यायचा होता. कारण एकाच वाक्यात दिलं होतं: ‘विभागाचे काम बोधसेतू करीत असल्यामुळे.’ ज्याच्यामुळे आपण घरी बसणार, ते यंत्र आतून चालतं कसं हे एकदा समजून घ्यावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

अर्शद मिरजेचा. प्रयोगशाळेचा प्रमुख होण्याआधी, फार पूर्वी, तो त्यांच्या वर्गात बसला होता आणि पहिल्याच सत्रात पळून संगणकशास्त्राकडे गेला होता. मॅडम अजून त्याला ‘फितूर’ म्हणत.

“फितूर, मला एकदा नीट सांग. तुझं यंत्र वाचतं, की वाचल्याचं सोंग करतं?”

“दोन्ही नाही, मॅडम. उसनं देतंय.”

त्यानं कानामागे लावायची चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. बटणाएवढी. जाणकार माणूस वाचतो तेव्हा त्याच्या मेंदूत एक आकृती उमटते, तो सांगू लागला. ती एका पानाची नसते, समजून घेण्याच्या सवयीची असते. तिला बोधठसा म्हणायचं. चकती तीच आकृती आपल्या मेंदूत उठवते. मग पान कुठल्याही भाषेतलं असो, कधी न पाहिलेलं असो, अर्थ थेट मनात उतरतो. डोळे अक्षरांवरून फिरतात, पण मन तिथं थांबत नाही.

“पण समजण्यात माणसाचं स्वतःचं पण बरंच काही मिसळलेलं असतं,” मॅडम म्हणाल्या. “मला भाकरी म्हटलं की आईची काठवट दिसते. तुझ्या गिऱ्हाइकाला माझ्या आईच्या काठवटीचं काय करायचंय?”

“म्हणून तर अर्थगाळणी आहे की. शंभर जणांचे ठसे एकावर एक ठेवायचे. प्रत्येकाची काठवट वेगळी, ती पुसली जाते. सगळ्यांच्यात जे सारखं उरतंय, ती भाकरी.”

त्यांना हे आवडलं. आवडलं याचा रागही आला. ठसा कुणाच्या मालकीचा, त्यांनी विचारलं. देणाऱ्याचा, अर्शद म्हणाला. कायदाच तसा आहे. देणारा वारला किंवा त्यानं परत मागितला, की पुसून टाकायचा. मॅडमनीही दिलेला होता, सुरुवातीला, जगभरातल्या आणखी सहा जणांबरोबर. तेव्हा तो विज्ञानाला हातभार वाटला होता.

त्या उठल्यावर अर्शदनं उगाच विषय काढला. तुमच्या विषयात एक बिघाड आहे, म्हणाला, हाताला लागत नाहीये. इंग्लंडातून तक्रारी येतात. लोक जुन्या कविता वाचत असतात आणि लढाईबिढाई आली की मधेच एक हिरवा ठिपका दिसतो, शेजारी लाल.

“तिकडची भुतं असतील,” मॅडम म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

विद्यापरिषदेच्या सभागृहात मागच्या रांगेत त्यांचे तीन विद्यार्थी बसले होते. विभागात होते तेवढे सगळे. चकत्या न लावता ते एकेक ओळ खणत वाचत, त्यामुळे बाकीचं विद्यापीठ त्यांना पुरातत्त्ववाले म्हणे. त्यांतली श्रावस्ती वाकोडे यवतमाळची. बोलायला उभी राहण्याआधी ओढणी घट्ट करायची तिची सवय होती, कुस्तीला निघाल्यासारखी.

कुलगुरू डॉ. देवव्रत खर्शीकर पदार्थवैज्ञानिक होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना टेबल स्वच्छ लागे, एवढंच. आणि रणपिसेबाईंचा विभाग त्यांच्या टेबलावर बराच काळ पडून होता. ठराव मतांनी नव्हे तर पुराव्यानं व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी एक चाचणी ठेवली होती. इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये, जुन्या पोथीच्या बांधणीत, चामड्याचा एक तुकडा सापडला होता. त्यावर चार ओळी. त्यांचा अर्थ अजून कुणीच कुठं छापला नव्हता. त्याची चित्रप्रत सगळ्यांपुढे ठेवली गेली.

खर्शीकरांनी चकती लावली, कागदावरून नजर फिरवली आणि डोळे मिटून सांगितलं:

“ती गेली तेव्हा बर्फ होतं. युद्ध येईल तेव्हा ती घरी येईल. वाटा वाळल्या आहेत. दार मी लावलेलं नाही.”

एक-दोन सदस्यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. ओळीच तशा होत्या. मग खर्शीकरांनी मॅडमना विचारलं, तुम्हाला ही प्रत सकाळीच वाचायला दिली होती. तुमचा अर्थ काय लागतो?

इथं खोटं बोलता आलं असतं. एखादा शब्द फिरवला असता तर कोण तपासणार होतं? पण त्या म्हणाल्या, “माझाही हाच लागला. शब्दाला शब्द.”

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खर्शीकर अगदी हळुवारपणे म्हणाले की यात कुणाचा अपमान नाही. उलट यंत्र मॅडमइतकंच चांगलं आहे हे मॅडमनीच सिद्ध केलं. त्यांनी ठरावाचा कागद पुढं ओढला.

“चूक आहे ते,” मागून आवाज आला. श्रावस्ती उभी होती.

“कुणाचं? यंत्राचं?” खर्शीकरांनी विचारलं.

“दोघांचंही.”

रणपिसे मॅडमनी वळून पाहिलं. आपली चूक काढलेली त्यांना आवडत नसे. कुणालाच आवडत नाही. पण त्यांना ते लपवताही येत नसे.

श्रावस्तीनं समजावून सांगितलं. दुसऱ्या ओळीतला शब्द आहे ‘वेर’. इंग्रजीत दोन व आहेत, एक ओठ दातांना लावून म्हणायचा आणि एक ओठांचा चंबू करून. चंबूच्या व-नं युद्ध होतं. दातांच्या व-नं, फ्रेंचांकडून आलेला, वसंत ऋतू. पण उत्तरेकडचे लेखनिक दोन्हीला कुठलाही व वापरत. त्यामुळे नुसत्या अक्षरावरून काही ठरत नाही.

“आणि आपल्या मराठीत व एकच,” ती म्हणाली. “त्यात आपल्या कानात आधीपासून ‘वैर’ बसलेलं. वेर दिसलं की वैरच ऐकू येते. मॅडमनाही तेच ऐकू आलं. हा ध चा मा आहे, फक्त व चा व झाला.”

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

“वाटा वाळल्या म्हणून वसंत म्हणतेस?” त्या म्हणाल्या. “अगं, फौजाही वाटा वाळल्यावरच निघायच्या. चिखलात घोडी रुततात. युद्धालाही तोच मोसम.”

“बरोबर आहे, मॅडम. वाटांचं मी सोडून देते. पण मग दार? युद्ध येणार असलं तर दार उघडं कोण ठेवते?”

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ नेला. चौथी ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, शाळेतल्यासारखी. मग कागद खाली ठेवला.

“दार मी बघितलंच नाही,” त्या म्हणाल्या. “वसंत. वसंतच आहे. ती वसंतात येणार आहे.”

खर्शीकर अस्वस्थ झाले. माणसाचा कान फसला हे ते समजू शकत होते. यंत्राला कुठला आलाय कान? आणि आपल्याला तर ते युद्ध अगदी स्वच्छ जाणवलं, ते सांगू लागले. घोडी नाहीत, भाले नाहीत. सख्ख्या भावांतलं होतं. एक विहीर. लिंबाच्या खोडाला ठोकलेली पत्र्याची पेटी, तिला एक हिरवं बटण आणि एक लाल. पेटीला कुलूप.

शेवटच्या खुर्चीत पेंगणारा अर्शद ताठ बसला.

“तो स्टार्टर आहे,” रणपिसे मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “आमच्या विहिरीवरच्या मोटरचा. काकांनी कुलूप लावलं होतं आणि आमचा ऊस वाळला. मी तेव्हा सातवीत होते. वैर म्हटलं की मला तो दिसतो. माझा आहे तो. तुमच्यापर्यंत कसा आला?”

उत्तर अर्शदच्या हातातल्या पडद्यावर होतं. मध्ययुगीन इंग्रजीचे ठसे सात जणांनी दिले होते. मॅडम सोडून बाकीचे सहा म्हातारे जसजसे गेले, तसतसे त्यांचे ठसे कायद्याप्रमाणे पुसले गेले. नवे कुठून येणार, शिकवणंच बाकी सगळीकडे बंद झालेलं. आता नोंद एकच होती. आणि गाळणी ठशावर ठसा ठेवून गाळते. एकच ठसा असेल तर ती काहीच गाळत नाही. काठवटीसकट पुढं पाठवते.

“म्हणजे मॅडम,” अर्शद म्हणाला, “सगळ्या जगाची मध्ययुगीन इंग्रजी सध्या तुम्ही आहात.”

आश्चर्य ओसरल्यावर खर्शीकरांना यात सोयच दिसली. मग तर प्रश्नच मिटला, ते म्हणाले. मॅडम यंत्रात आहेतच. ठसा जपू, दरवर्षी ताजा करू, ‘वेर’ तेवढा दुरुस्त करून घेऊ. त्यांना वर्गात उभं राहायचीसुद्धा गरज नाही.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. बुटक्या होत्या, उभं राहून फारसा फरक पडला नाही, पण सगळ्यांच्या माना वळल्या.

“सर, तुमचं यंत्र माझ्याशी शब्दाला शब्द सहमत झालं. होणारच. तो आरसा आहे, आणि आरशानं अजून कुणाला ‘तुझं चुकतंय’ म्हटलेलं नाही. ते म्हणायला ही पोरगी लागली. आणि अशी पोरगी चकतीतून निघत नाही, ती वर्गात भांडून भांडून तयार होते. आज माझी एक चूक कळली. ज्या नाही कळल्या त्या तुम्ही दरवर्षी ताज्या करणार?” त्या अर्शदकडे वळल्या. “ठसा माझा आहे ना? पूस.”

“मॅडम, पुसला की परत आणता येत नाही. ही जुनी इंग्रजी वाचणं इकडंच नव्हे, सगळीकडंच बंद पडेल. इंग्लंडातसुद्धा.”

“इंग्लंडातली माणसं आपल्याच पूर्वजांच्या कविता आमच्या भाऊबंदकीतून वाचतायत. बरं दिसतं का ते? पूस.”

अर्शदनं कुलगुरूंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला थांबावं लागलं असतं. त्यानं ठसा पुसला.

एका सदस्यानं घाईघाईनं सुचवलं की मग या मुलीचा ठसा घ्या, ती तर मॅडमपेक्षा हुशार दिसते. श्रावस्तीनं ओढणी पुन्हा घट्ट केली. एकटीचा देणार नाही, म्हणाली. माझ्याही डोक्यात घरचं काहीबाही असेलच, ते जगाच्या गळ्यात कशाला? एकमेकांशी न पटणारे पुष्कळ जण होऊ द्या, मग बघू. किती जण लागतील, असं सदस्यानं अर्शदला विचारलं. आत्ता मागं बसलेत त्याच्या दसपट तरी, अर्शद म्हणाला.

“वर्ग मोठा लागेल,” रणपिसे मॅडम म्हणाल्या. “खिडक्या असलेला द्या.”

कुलसचिवांनी घसा साफ केला. ठरावातलं कारण आता खरं राहिलेलं नाही, त्यांनी निदर्शनाला आणलं; विभागाचं काम बोधसेतू करत नाही. कारण नाही तर ठराव नाही. त्यांनी कागद परत घेतला आणि पुढचा विषय पुकारला, वसतिगृहाच्या पाण्याचा.

कुलगुरूंनी ऐकलं नाही. ते समोरच्या चित्रप्रतीकडे बघत होते. चकती कानामागे होती, पण मनात काहीही उतरत नव्हतं. इतकी वर्षं त्यांची नजर पानांवरून नुसती सरकत गेली होती. आज ती सरकेना. तपकिरी चामड्याला सुरकुत्या होत्या. शाई एके ठिकाणी पसरली होती. आणि अक्षरं होती, एकेक सुटं, कुणीतरी हातानं काढलेलं.

“रणपिसेबाई,” त्यांनी हळूच हाक मारली. “हे कुठलं? उभ्या दांडीला मधेच पोट सुटलंय ते.”

मॅडम टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी आल्या.

“आता कुणी लिहीत नाही हे. याचं नाव काटा.”

“काटा?”

“हो, काटा. म्हणा, थ.”

खर्शीकरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळी विद्यापरिषद बघत होती. त्यांनी अक्षरावर बोट ठेवलं.

“थ,” ते म्हणाले.